लोल्तूनच्या भिंती आणि त्यांखालचे पाणी

मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाचा नकाशा पाहिला, की त्यावर नद्यांच्या निळ्या रेषा जवळजवळ नाहीतच हे प्रथम लक्षात येते. सगळी जमीन सच्छिद्र चुनखडीची असल्यामुळे पावसाचे पाणी वर टिकत नाही. ते खडकात झिरपते आणि जमिनीखालूनच वाहते. उत्तरेकडे वरचे छत कोसळून उघड्या पडलेल्या नैसर्गिक विहिरी, ज्यांना तिकडे सेनोते म्हणतात, जागोजागी आहेत. परंतु दक्षिणेकडील पूक टेकड्यांत भूजल इतके खोल आहे की तिथे त्याही दुर्मीळ होतात. अशा कोरड्या प्रदेशात माया लोकांनी उश्माल, काबा, सायील, लाब्ना ही नगरे वसवली, घरांच्या अंगणात जमिनीखाली टाकी खोदून पावसाचे पाणी साठवले, आणि ज्या गुहांमध्ये छतातून पाणी ठिबकत राहते त्या गुहांना पावसाच्या देवाचे, म्हणजे चाआकचे, घर मानले. मायांची गुहाचित्रे पाहायला निघालेल्या माणसाने चित्रांच्या आधी या पाण्याचा विचार करावा, असे लोल्तूनची गुहा पाहिल्यापासून माझे मत झाले आहे, आणि ते का झाले हे सांगण्यासाठीच हा अनुभव लिहीत आहे.

माझ्या मनात मुळात नाह तुनिच होती. ग्वातेमालाच्या पेतेन भागातील ही गुहा 1980 च्या सुमारास बाहेरच्या जगाला ठाऊक झाली. तिच्या भिंतींवर आठव्या शतकाच्या आसपासची, काळ्या रेषेत कुंचल्याने काढलेली माणसे आहेत, आणि शेजारी चित्रलिपीतील मजकूर आहे, ज्यात दूरच्या राजघराण्यांतील लोक तिथे येऊन गेल्याच्या नोंदी आहेत. मायांच्या गुहाचित्रांवरचे कोणतेही गंभीर लिखाण या गुहेपाशी येतेच. मात्र 1989 मध्ये कोणीतरी तिथली बरीच चित्रे खरवडून आणि पुसून विद्रूप केली, आणि आता मूळ गुहा सामान्य पर्यटकांसाठी बंद आहे. ती बंद असणे मला योग्य वाटते; ज्या भिंतीवरची रेषा ओल्या बोटानेही पुसली जाऊ शकते, तिच्यासमोर रोज माणसांची रांग उभी करणे हे धाडस कोणीही करू नये. तेव्हा पाहण्यासारखी, रीतसर तिकीट काढून जाता येईल अशी आणि भिंतींवर काही खुणा असलेली गुहा म्हणून मी लोल्तूनची निवड केली.

मेरिदा शहरातून दक्षिणेकडे जाणाऱ्या सामायिक व्हॅन सान हुआन चौकाच्या आसपासून सुटतात. आपल्याकडील वडापसारखाच हा प्रकार आहे: गाडी भरली की निघते, त्याआधी नाही. ओश्कुत्सकाबपर्यंतचा रस्ता सुमारे 100 किलोमीटरचा आहे आणि शेवटच्या टप्प्यात पूक टेकड्यांची हिरवी कड दिसू लागते. सपाट युकातानमध्ये तेवढी चढणही डोळ्यांना सुखावते. ओश्कुत्सकाब हे संत्र्यामोसंब्यांचे गाव आहे. त्याच्या बाजारात फळांच्या पोत्यांमधून वाट काढत जावे लागते, आणि त्या बाजाराच्या कडेलाच गुहेच्या दिशेने जाणाऱ्या पिकअप गाड्या उभ्या असतात. पुढचे सात-आठ किलोमीटर मी मागच्या हौद्यात, शेताकडे निघालेल्या मंडळींबरोबर बसून गेलो. परतीची गाडी किती वाजेपर्यंत मिळेल हे उतरतानाच विचारून घेणे शहाणपणाचे ठरते, कारण दुपार कलल्यावर त्या रस्त्यावर वर्दळ फारशी राहत नाही.

लोल्तूनमध्ये एकट्याने हिंडता येत नाही. ठरावीक वेळांना मार्गदर्शकाबरोबर गट आत जातो आणि तोच गट त्याच्याबरोबर बाहेर येतो; उशिरा आलेल्याने पुढच्या फेरीची वाट पाहायची. तिकीट काढल्यावर बाकावर बसून राहण्यात गेलेला वेळ मला वाया गेल्यासारखा वाटला नाही, कारण तेवढ्या वेळात आमच्या मार्गदर्शकाशी थोडे बोलता आले. साठीकडे झुकलेले हे गृहस्थ जवळच्याच गावचे होते, घरी माया भाषा बोलणारे, पर्यटकांशी स्पॅनिशमध्ये आणि गरजेपुरत्या इंग्रजीत बोलणारे. माझे स्पॅनिश कामचलाऊ आहे, त्यामुळे गटातील एका मेक्सिकन शिक्षिकाबाईंनी अधूनमधून माझ्यासाठी दुभाष्याचे काम केले. मार्गदर्शकांनी सुरुवातीलाच तीन गोष्टी बजावल्या: फ्लॅश वापरायचा नाही, दोराच्या पलीकडे पाय टाकायचा नाही, आणि भिंतीला हात लावायचा नाही. शेवटची सूचना त्यांनी पुन्हा एकदा, हसत, पण पुरेशा स्पष्टपणे सांगितली. जिथे मुख्य आकर्षणच भिंतीवरचे हात आहे, तिथे ती सूचना पाळणे लोकांना विशेष अवघड जात असणार.

गुहेच्या नाहकाब नावाच्या तोंडाशी खडकात कोरलेले उठावशिल्प आहे, ज्याला सगळे ‘लोल्तूनचा योद्धा’ म्हणतात. हे शिल्प उत्तर-प्रीक्लासिक काळातील, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनाच्या आगेमागे दोन-तीन शतकांतील मानले जाते. चिचेन इत्सा या मायांच्या प्रसिद्ध नगराचे जे रूप पर्यटकांना ठाऊक असते, ते याच्यानंतर कित्येक शतकांनी घडले. योद्ध्याचे तोंड एका बाजूला आहे, डोक्यावर भारदस्त शिरोभूषण आहे, हातात शस्त्र आहे, आणि वरच्या बाजूस चित्रलिपीचा एक उभा पट्टा आहे, जो आता फार झिजलेला आहे. अभ्यासकांनी या शिल्पाचे साम्य ग्वातेमालाच्या उंच प्रदेशातील कामिनालहुयू येथील शिळांशी दाखवले आहे. तिथून इथपर्यंतचे अंतर शेकडो किलोमीटरचे आणि मध्ये घनदाट जंगल, तरीही राजा किंवा योद्धा कसा दाखवावा, त्याने काय ल्यावे, कसे उभे राहावे याची एक समान रीत त्या काळात दूरवर पसरली होती, हे या एका भिंतीवरून कळते.

समोरून पाहिले तर हे शिल्प निराशा करते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. खडकाचा रंग आणि कोरीव रेषेचा रंग एकच आहे, शेवाळाचे डाग आहेत, आणि आमच्या गटातील निम्म्या लोकांना ‘योद्धा कुठे आहे’ हेच विचारावे लागले. मार्गदर्शकांनी आम्हाला पाच-सहा पावले बाजूला नेले. तिथून, गुहेच्या तोंडातून तिरपा पडणाऱ्या उजेडात, आधी पायाची पोटरी, मग कमरेच्या पट्ट्याखालचा लोंबता भाग आणि शेवटी चेहऱ्याची रेषा सुटी झाली. जो वाटसरू बाहेरून खाली उतरत येतो, त्याच्या वाटेच्या बाजूने हे शिल्प वाचता येते, हे माझे निरीक्षण आहे. कोरणाऱ्याचा हेतू तोच होता असे मी म्हणणार नाही. पण हा राजा किंवा योद्धा आत जाणाऱ्याला दिसावा अशा ठिकाणी उभा आहे, एवढे नक्की.

तिथून आत गेल्यावर उजेड मागे राहतो. मार्गावर दिवे आहेत, तेही काही ठिकाणी लाल-निळे, जे मला मुळीच आवडले नाहीत. चुनखडीचा स्वतःचा पिवळट पांढरा रंग इतका देखणा असताना त्याच्यावर जत्रेतील रोषणाई कशाला हवी, हे कळत नाही. हवा उबदार आणि दमट आहे, शर्ट लवकर अंगाला चिकटतो, आणि पायवाट ओली असल्यामुळे तळव्याला पकड असलेले बूट आवश्यक आहेत. दालनांना नावे दिलेली आहेत. एका लवणस्तंभात मक्याचे कणीस दिसते, दुसऱ्या दालनाला कॅथेड्रल म्हणतात, आणि मार्गदर्शक विजेरीचा झोत फिरवून जनावरांचे आकारही दाखवतात. या भागात मी फार रमलो नाही.

मी थांबलो तो एका दगडी टाक्यापाशी. छतातून लोंबणाऱ्या एका सुळक्याच्या टोकाला थेंब जमत होता, फुगत होता, आणि सुटून नेमका खाली खडकात कोरलेल्या वाटोळ्या खळग्यात पडत होता. या खळग्यांना तिथे हल्तून म्हणतात. काठ हाताने गुळगुळीत केलेला, आतला भाग एखाद्या परातीएवढा, त्यात चार बोटे पाणी. पाणी इतके नितळ होते की थेंब पडून वर्तुळ उठले तरच ते आहे असे कळायचे. शिक्षिकाबाईंनी मार्गदर्शकांना विचारले की हे पाणी लोक पीत असत का. त्यांनी सांगितले की तहानेसाठीही वापरत असत, पण याचे खरे मोल वेगळे आहे: जे पाणी जमिनीला लागलेले नाही, ज्यावर सूर्य पडलेला नाही आणि ज्यात कोणी भांडे बुडवलेले नाही, ते ‘सुहुय हा’, म्हणजे अस्पर्श पाणी, आणि पावसासाठी चाआकची पूजा करायची तर तेच लागते. ती पूजा युकातानच्या खेड्यांत आजही होते. पाऊस लांबला की गावातले लोक हमेनला, म्हणजे आपल्या पारंपरिक पुरोहिताला बोलावतात, फांद्यांच्या कमानीखाली वेदी मांडतात, मक्याच्या जाड भाकऱ्यांचा आणि बाल्चे नावाच्या पेयाचा नैवेद्य दाखवतात, आणि वेदीपाशी बसवलेली लहान मुले बेडकांसारखा आवाज काढतात. आमच्या मार्गदर्शकांनी लहानपणी त्या बेडकांपैकी एक होऊन आवाज काढला होता, आणि आग्रह केल्यावर त्यांनी तो काढूनही दाखवला. गुहेत तो आवाज अपेक्षेपेक्षा फार दूर गेला.

टाक्यांच्या आसपास दळण-वाटणासाठी वापरलेले खडकही आहेत, आपल्या पाट्यासारखे मध्ये खोलगट झिजलेले. हे सगळे पाहत पुढे गेल्यावर मग हातांची भिंत येते.

हे हात रंगात बुडवून उमटवलेले नाहीत. तळवा खडकावर टेकवायचा आणि त्याच्याभोवती काळा रंग तोंडाने किंवा नळीने फुंकायचा. हात उचलला की त्याच्या आकाराएवढा खडक कोरा राहतो आणि सभोवती काळे वलय उरते. म्हणजे दिसतो तो रंग हाताचा नसतो. हात म्हणून दिसते ती रंग न लागलेली जागा. मी दोराला टेकून जितके जवळ जाता येईल तितका जवळ गेलो. एका तळव्याचा अंगठा ताणून बाहेर काढलेला होता, बाकीची बोटे जुळलेली होती. करंगळीच्या बाजूला रंगाचे कण विरळ होत गेले होते, त्यावरून फुंकणाऱ्याचे तोंड अंगठ्याच्या बाजूला असावे असे वाटले. मनगटापाशी काळा रंग जरा ओघळला होता आणि त्यावर नंतर चुन्याचा पातळ, काचेसारखा थर चढला होता. तळवा माझ्या तळव्यापेक्षा बराच लहान होता. शेणाच्या गोवरीवर थापणारीची बोटे उमटतात, तशी ही बोटे नकळत उमटलेली नाहीत. ओल्या खडकावर हात स्थिर धरायचा, दुसऱ्याने किंवा स्वतःच रंग फुंकायचा, आणि हे सगळे मशालीच्या उजेडात करायचे, याला तयारी लागते, रंग घोटून सोबत आणावा लागतो, आणि बहुधा कोणीतरी उजेड धरून उभे राहावे लागते.

अजिंठ्याची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना इथे पहिल्यांदा काही तरी कमी असल्यासारखे वाटले. अजिंठ्याची लेणी माणसांनी राहण्यासाठी आणि उपासनेसाठी कोरली; तिथली भिंत लिंपून, घोटून चित्रासाठी सज्ज केली, आणि चित्रात कथा आहे, पात्रे आहेत, प्रसंग आहेत. लोल्तूनमध्ये भिंत निसर्गाने जशी दिली तशीच आहे, आणि तिच्यावर कथा नाही. तिथे एका कृतीचा पुरावा आहे: कोणीतरी या जागी आले, खडकाला हात लावला, आणि तो लावल्याची खूण मुद्दाम ठेवून गेले. चित्र म्हणून पाहत राहिलो तर दोन मिनिटांत पाहून संपते; पण थेंब साठवणारे टाके, मका वाटायचा पाटा आणि हा हात हे तिन्ही एकाच वाटेवर आहेत हे लक्षात घेतले, की भिंत वेगळी दिसू लागते. पाण्यासाठी खाली उतरलेल्या माणसाने ज्याच्याकडून ते मागायचे त्याच्या अंगाला हात लावला, असा अर्थ मी मनाशी लावला. हाच अर्थ सर्वत्र खरा मानता येणार नाही. 2021 मध्ये युकातानमधील दुसऱ्या एका गुहेतील 137 हातांच्या ठशांची बातमी आली होती; ते काळ्या आणि लाल रंगांत आहेत, आणि ते उजेडात आणणारे संशोधक सर्जिओ ग्रोसहान यांनी त्यांचा संबंध वयात येणाऱ्या मुलामुलींच्या विधीशी जोडला होता. दोन्ही अर्थांत एक गोष्ट सारखीच आहे, ती म्हणजे हात लावणे हाच मुख्य भाग होता आणि चित्र हे त्यातून मागे उरले.

पुढचा टप्पा मार्गदर्शकांच्या आवडीचा. छतापासून जमिनीपर्यंत जुळलेले दोन स्तंभ आहेत, त्यांवर मुठीने ठोकले की एक ‘लोल’ असा आणि दुसरा ‘तून’ असा घुमतो, असे सांगतात. आवाज खरोखर दोन वेगळे येतात. अक्षरे ज्याची त्याने ऐकावीत. वेचील नावाच्या दालनात 1970 च्या दशकाच्या अखेरीस उत्खनन झाले आणि तिथे लुप्त झालेल्या घोड्याची, तसेच हत्तीच्या दूरच्या कुळातील प्राण्याची हाडे मिळाली. त्याच गुहेत, एकोणिसाव्या शतकात 1847 पासून पेटलेल्या माया बंडाच्या काळात, लोकांनी आश्रय घेतला होता आणि दगड रचून बांध घातले होते. शेवटी छत कोसळून झालेली दोन मोठी भगदाडे येतात, त्यांतून ऊन उतरते आणि खाली रुजलेली झाडे त्या उजेडाकडे सरळसोट वर गेलेली दिसतात. तिथून चढून बाहेर आलो, मार्गदर्शकांना बक्षिसी दिली (त्यांची कमाई बरीचशी तीवरच चालते), आणि पिकअपची वाट पाहत सावलीत बसलो.

परतताना मी ओश्कुत्सकाबहून जवळच असलेल्या मानी गावात थांबलो, आणि लोल्तून पाहणाऱ्या प्रत्येकाने तिथे थांबावे असे सुचवीन. 1562 च्या उन्हाळ्यात या गावाजवळच्या एका गुहेत मूर्ती आणि माणसांच्या कवट्या सापडल्याचे दोन मुलांनी धर्मगुरूंना कळवले. बाप्तिस्मा घेतलेले लोक गुहांमध्ये जुनी पूजा चालूच ठेवत आहेत हे पाहून फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचा स्पॅनिश धर्मगुरू दिएगो दे लांदा खवळला. त्याने चौकशीच्या नावाखाली अनेकांचा छळ केला, आणि 12 जुलै 1562 रोजी मानीच्या मठासमोर मूर्तींबरोबर मायांच्या चित्रलिपीतील पोथ्या जाळल्या. तो मठ अजून उभा आहे, भक्कम आणि प्रचंड. त्याच्या पटांगणात उभे राहिल्यावर लोल्तूनच्या वाटोळ्या टाक्यांचे महत्त्व मला अधिक कळले: पोथ्या हाती लागल्या म्हणून जळाल्या, पण पाऊस मागण्याची रीत पोथीवर अवलंबून नव्हती, म्हणून ती शिल्लक राहिली.

पुढच्या आठवड्यात चिचेन इत्साजवळची ‘बालांकांचे’ नावाची गुहा पाहिली. तिथे भिंतीवर पाहण्यासारखे फारसे नाही, पण लोल्तूनमध्ये जे अनुमानाने जोडावे लागते ते तिथे जागच्या जागी मांडलेले दिसते. 1959 मध्ये होसे उंबेर्तो गोमेस या स्थानिक मार्गदर्शकाला गुहेत एक बुजवलेली भिंत आढळली. ती फोडल्यावर आत शतकानुशतके कोणी न शिरलेली दालने निघाली. मधल्या दालनात छताला भिडलेला एक अजस्र स्तंभ आहे, वर फांद्यांसारखा पसरलेला, मायांच्या पवित्र सेइबा वृक्षाची आठवण करून देणारा. त्याच्या पायथ्याशी वाटोळ्या डोळ्यांच्या पर्जन्यदेवतेचा चेहरा असलेली मातीची धूपपात्रे ठेवलेली आहेत, आणि पुढे पाण्याच्या काठाशी बोटभर लांबीचे पाटे-वरवंटे रचलेले आहेत. त्या इवल्या पाट्यांवर कोणाचे पीठ वाटले जाणे शक्य नाही. ते पावसाला दिलेले दान होते. आतली हवा जड आहे आणि उकाडा लोल्तूनपेक्षा कितीतरी जास्त. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी विचार करूनच जावे.

त्या शोधानंतर तिथे काम करणारे पुरातत्त्वज्ञ विलिस अँड्रूज यांच्याकडे जवळच्या गावचा हमेन आला आणि गुहेच्या रक्षकांना डिवचल्याबद्दल त्यांची शांती करणे आवश्यक आहे असे त्याने सांगितले. अँड्रूज यांनी ते मान्य केले, विधी गुहेतच झाला, आणि त्यातील प्रार्थनांचे ध्वनिमुद्रणही झाले. मला यात अँड्रूज यांचे शहाणपण दिसते, कारण त्या विधीमुळे बंद दालनातील धूपपात्रे कशासाठी होती याचे उत्तर त्यांना उत्खननाविना मिळाले.

मी गेलो तो महासाथीच्या आधीचा हिवाळा होता. महासाथीत मेक्सिकोतील सगळीच पुरातत्त्वस्थळे बंद झाली, आणि बंदिस्त हवेमुळे गुहांच्या बाबतीत अधिक सावधगिरी बाळगली गेली, त्यामुळे निघण्यापूर्वी मेरिदामध्ये दोन्ही ठिकाणांची चौकशी करून घ्यावी. दोन्ही उघड्या असतील, तर आधी लोल्तून, मग मानी आणि शेवटी बालांकांचे हा क्रम ठेवावा, आणि लोल्तूनसाठी सकाळची पहिली फेरी गाठावी, कारण गट लहान असला तर मार्गदर्शक हल्तूनपाशी थोडे जास्त थांबू देतात.